कोविडकाळातील निर्बंधांच्या मुदतवाढीचे आदेश : प्रमाणित प्रतीसाठी कोल्हापुरात अर्ज कोठे व कसा करावा

दुकानाच्या थकीत भाड्याचा वाद, विम्याचा दावा किंवा करारातील मुदत टळल्याचा प्रश्न न्यायालयात उभा राहिला, की २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या भागात निर्बंध नेमके कोणत्या तारखेपर्यंत लागू होते, हे कागदावर दाखवावे लागते. त्यासाठी वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा आदेशाची प्रमाणित प्रत हाताशी असलेली बरी. ती माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मिळते. मात्र अर्ज योग्य कार्यालयात आणि योग्य शब्दांत गेला पाहिजे.

ही मुदतवाढ महापालिकेच्या सभागृहाने ठराव करून दिली असेल, हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. अमेरिकेत अशी मुदतवाढ शहराच्या सभागृहातच ठरू शकते. लॉस एंजेलिसची कोविड आणीबाणी तेथील नगर परिषदेच्या मतदानानेच १ फेब्रुवारी २०२३ पासून संपली. आपल्याकडे महापालिकेच्या महासभेने साथीची आणीबाणी जाहीर केली नाही आणि तिची मुदतही वाढवली नाही. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये साथरोग अधिनियम, १८९७ लागू करून राज्य शासनाने नियम केले, त्यांखाली जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना अधिकार मिळाले आणि त्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ची जोड मिळाली. शिवाय कोल्हापूर महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपून प्रशासक आले होते, त्यामुळे दुसऱ्या लाटेच्या वेळी मतदान करायला सभागृहच नव्हते. म्हणून ‘मुदतवाढीच्या ठरावाची प्रत द्यावी’ असा अर्ज केल्यास ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल.

मागायचे आहेत ते आदेश. राज्याचे आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघत. जिल्ह्याचे आदेश जिल्हाधिकारी या नात्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष काढत, तर शहरापुरते आदेश महापालिका आयुक्तांचे असत. कोल्हापूरबाबत जिल्ह्याचा आदेश विशेष महत्त्वाचा आहे. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांचा स्वतंत्र विचार झाला. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेपाच लाख लोकसंख्येचे आपले शहर मात्र जिल्ह्यातच मोजले गेले. शहराचा बाधित दर (चाचण्यांपैकी किती बाधित निघाले, ते प्रमाण) वेगळा धरावा, ही व्यापाऱ्यांची मागणी त्यातूनच पुढे आली होती. त्यामुळे राजारामपुरीतील दुकान का बंद होते, याचे उत्तर केवळ महापालिकेच्या दप्तरात शोधून भागत नाही. जिल्ह्याच्या आदेशासाठी नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तांच्या आदेशासाठी भाऊसिंगजी रोडवरील महापालिकेच्या मुख्य इमारतीत अर्ज करावा. कार्यालय चुकले तरी अर्ज वाया जात नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करावा लागतो.

अर्ज कोणत्याही भारतीय नागरिकास करता येतो. दुकान, संस्था किंवा मंडळाच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करावा, म्हणजे हरकतीला जागा राहत नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात लिहून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, परंतु त्याच्या दाखल्याची प्रत जोडावी लागते. एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांत बसावा, असा राज्याचा नियम आहे. राज्य शासनाच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. हातोहात दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

खरी गोम आहे ती मजकुरात. एका परिचिताच्या गाळ्यासाठी मी असा अर्ज लिहिला, तेव्हा ‘मे २०२१ चा मुदतवाढीचा आदेश’ एवढेच मागितले होते. संबंधित कार्यालयाने दीड पान दिले. त्यात पूर्वीचे आदेश पुढील तारखेपर्यंत अंमलात राहतील, असे एक वाक्य होते. कोणती दुकाने बंद आणि कोणती किती वाजेपर्यंत सुरू, याचा अक्षरानेही उल्लेख नव्हता. तो मूळ आदेशात होता. चूक माझीच होती, पण कागद देणाऱ्यानेही ‘याच्या आधीचा लागेल’ असे सांगण्याची तसदी घेतली नाही. अशा आदेशाच्या डोक्यावर ‘वाचा :’ या शब्दाखाली आधीच्या आदेशांचे क्रमांक व दिनांक दिलेले असतात. ती साखळी धरूनच मागणी करावी : ‘दिनांक १ एप्रिल २०२१ ते ३१ ऑगस्ट २०२१ या कालावधीत कोल्हापूर शहरास लागू असलेले निर्बंधांचे मूळ आदेश, सर्व मुदतवाढीचे, सुधारणेचे व शिथिलतेचे आदेश, त्यांत संदर्भित आदेशांसह, प्रमाणित प्रतीत मिळावेत.’ ‘मुदत का वाढवली’ असा प्रश्न विचारू नये. कारणे हवी असतील, तर संबंधित बैठकीचे इतिवृत्त व कार्यालयीन टिप्पणी मागावी. राज्याचे निर्बंध २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासून उठले, त्यामुळे त्यापुढचा कालावधी लिहिण्याचे कारण नाही.

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. प्रतींचे शुल्क पानाला दोन रुपये असून मागणीपत्र आल्यावर ते भरावे. मागणीपत्र निघाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस या ३० दिवसांत धरले जात नाहीत. मुदत उलटून माहिती दिल्यास ती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अपील करावे. त्यासोबत मूळ अर्जाची शिक्क्याची प्रत आणि आलेले उत्तर जोडावे. तेथेही समाधान न झाल्यास राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते.