ताऱ्यांतली मूलद्रव्ये: औंढ्याच्या वेधशाळेमागचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्यामागचा प्रश्न, म्हणजे मूलद्रव्ये आली कुठून, मात्र मराठवाड्यात फारसा कुणी सांगत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगोने आणि इटलीतल्या व्हर्गोने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठ्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्या टकरीच्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम हे जड मूलद्रव्य सापडले. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, या मताला बळ मिळाले.

कोणते मूलद्रव्य कुठून आले, हा शोध मात्र खूप जुना. १८१४ साली फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा मोजल्या. त्या मूलद्रव्यांच्या खुणा आहेत, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवले. पण लोखंडाच्या रेषा ठळक म्हणजे तारा लोखंडाचा, असे होत नाही. रेषेचा ठळकपणा तापमानावरही ठरतो, आणि याचे गणित १९२० मध्ये भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहांनी मांडले. माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा तोच. साहांच्या त्या समीकरणाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचा निष्कर्ष काढला. त्या काळचे वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना तो पटला नाही, म्हणून पेन यांना स्वतःचाच निष्कर्ष ‘जवळजवळ नक्कीच खरा नाही’ असे लिहावे लागले. चारच वर्षांनी रसेलही तिथेच पोचले. हे वाचताना आजही चुटपुट लागते.

१९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांतच कशी घडतात, ते सविस्तर मांडले. अतिजुन्या ताऱ्यांत लोखंड नगण्य का, याचे उत्तर त्यात आहे: त्यांच्याआधी ते घडवणारे तारे फारसे झालेच नव्हते.

ग्रहांचा धागा नंतर जुळला. २००५ मध्ये फिशर आणि व्हॅलेंटी यांनी दाखवले की, ताऱ्यात लोखंड जास्त असेल तर त्याच्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह सापडण्याची शक्यता बरीच वाढते. काही श्वेतबटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरणाऱ्या गाभ्यांच्या) वर्णपटात तर गिळलेल्या खडकाळ तुकड्यांच्या खुणा दिसतात. ऑक्सिजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह: आपल्या काळ्या बेसाल्टमध्येही हीच मूलद्रव्ये आहेत.