न उघडणाऱ्या पानावर अपील कुठे करायचे?

माहिती मागितली आणि मिळाली नाही, यात नवे काही नाही. नवे आहे ते नकाराचे रूप. कचेरीत अर्ज फेटाळला जातो तेव्हा कागदावर कोणाची तरी सही असते, तारीख असते, एखादे कलम असते. त्या कागदाच्या जोरावर वर दाद मागता येते. संकेतस्थळावरचे पान उघडले नाही, तर यातले काहीच हाती लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा इतिहास एरवी लोकांना काय मिळत गेले या अंगाने सांगतात. तो नकाराच्या बाजूने वाचला, तर इंटरनेटने नेमके काय बदलले ते जास्त नीट दिसते.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली, 2 डिसेंबर 1766 रोजीच्या एका कायद्याने. त्या काळी फिनलंड स्वीडनच्याच राज्यात होते. तिथला एक पाद्री, अँडर्स शिडेनियस, या कायद्यामागचा मुख्य माणूस. धार्मिक लिखाण वगळता छपाईवरची पूर्वतपासणी या कायद्याने उठवलीच, शिवाय सरकारी दप्तरातले कागद बघण्याची, उतरवून घेण्याची आणि छापण्याचीही मुभा दिली. कागद उघडा असणे हा नियम झाला आणि झाकणे हा अपवाद. गंमत अशी, की त्याच वर्षी सरकारच्या चलनधोरणावर टीका छापल्याबद्दल शिडेनियसलाच संसदेतून काढून टाकले होते. पुढे 1772 मध्ये राजा तिसऱ्या गुस्तावने सत्ता हाती घेतली आणि ही मोकळीक आवळली गेली. तिला परत यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आज मात्र स्वीडनमध्ये सरकारी कागद मागणाऱ्याला आपले नाव किंवा कारण सांगण्याची गरज नसते. विचारणाऱ्याचा हेतू तपासायचा नाही, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत अजून पुरते उतरलेले नाही.

त्यानंतर जवळपास दोन शतके या वाटेने फारसे कोणी गेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर भाषा बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1946 मध्ये माहितीचे स्वातंत्र्य हा मूलभूत मानवी हक्क असल्याचा ठराव केला आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या 19 व्या कलमात माहिती शोधणे, मिळवणे आणि इतरांना देणे हे सारे ‘कोणत्याही माध्यमातून’ आणि देशांच्या सीमा न मानता करता येईल, असे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छापखाना आणि रेडिओ असणार. त्या दोन शब्दांत पुढे इंटरनेट अलगद बसले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे खासदार जॉन मॉस 1955 पासून या प्रश्नामागे लागले होते. माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली ती 4 जुलै 1966 रोजी, कसलाही जाहीर समारंभ न करता. माहिती नाकारायची असेल तर ती नऊ अपवादांपैकी एकात बसवून दाखवण्याची जबाबदारी आता सरकारवर आली. तरीही उत्तर लांबवत ठेवणे हा बिनसहीचा नकार शिल्लक होताच. अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, 1974 मध्ये, अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार मोडून काढत संसदेने उत्तराला मुदत घातली.

इथपर्यंत सगळा व्यवहार प्रश्न आणि उत्तराचा होता: आधी कोणी तरी विचारायचे, मग सरकारने बोलायचे. हा क्रम उलटण्यामागे भोपाळ आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. डिसेंबर 1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला. आपल्या वस्तीशेजारी काय साठवले आहे, हे माणसांना माहीत नव्हते. ज्याच्या अस्तित्वाचीच कल्पना नाही, त्याबद्दल अर्ज कसा करणार? पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1985 मध्ये, त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यात गळती झाली आणि अमेरिकी संसद हलली. 1986 च्या कायद्याने कारखान्यांना दरवर्षी कोणते विषारी पदार्थ हवेत, पाण्यात, जमिनीत किती सोडले ते कळवणे भाग पाडले, आणि ती माहिती संगणकाच्या जाळ्यावरून लोकांना बघता आली पाहिजे, असेही त्यात लिहिले. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबचा पहिला प्रस्ताव मांडला तो 1989 मध्ये, म्हणजे याच्या तीन वर्षांनंतर.

वेब आल्यावर नकाराची आणखी एक सबब उघडी पडली, ती खर्चाची. अमेरिकेतल्या कंपन्यांनी शेअर बाजाराच्या नियामक आयोगाकडे भरलेले अहवाल कायद्याने सार्वजनिक होते. पण संगणकावर ते हवे असतील तर खासगी विक्रेत्यांना भरपूर पैसे मोजावे लागत. सरकारी माहिती खुली व्हावी म्हणून झटणारे कार्ल मालामुद यांनी 1994 च्या सुमारास हे अहवाल इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. वाचक वाढले, सवय लागली, आणि 1995 मध्ये त्यांनी जाहीर केले की आपण ही सेवा बंद करणार. हे काम मुळात आयोगाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. वाचकांनी आयोगाकडे ओरड केली आणि आयोगाने ती जबाबदारी उचलली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत चतुर चाल. अर्ज नाही, खटला नाही. फक्त लोकांना एकदा चव लावून द्यायची. अमेरिकेच्या माहितीच्या कायद्यातल्या 1996 च्या दुरुस्तीने संगणकातल्या नोंदीही कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले आणि वारंवार मागितले जाणारे कागद ऑनलाइन ठेवण्याचे बंधन घातले.

भारतातली वाट वेगळी, पण पोहोचली त्याच ठिकाणी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे हिशेब आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर न गेलेल्यांची नावे तिथल्या तिथे कळली. संगणकाशिवाय केलेले हे प्रकटीकरण आजच्या अनेक पोर्टलांपेक्षा अधिक उघडे होते, कारण ऐकणाऱ्याला वाचताही यावे लागत नव्हते. 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात तोच धागा दिसतो. कार्यालयांनी इंटरनेटसह विविध मार्गांनी इतकी माहिती आपणहून द्यावी, की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. कायद्याचे नाव निघाले की आपल्याला अर्ज आठवतो, चौथे कलम नाही.

आपणहून देण्यातही मखलाशी करता येते. आकड्यांचे शेकडो तक्ते तिरके स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकले की ‘माहिती उपलब्ध आहे’ असे म्हणता येते आणि बेरीज मात्र कोणालाच करता येत नाही. डिसेंबर 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल इथे तीसेक मंडळी जमली, त्यांत मालामुदही होते. खुल्या सरकारी माहितीची आठ तत्त्वे त्यांनी मांडली. माहिती संगणकाला थेट वाचता आली पाहिजे, हे त्यांतले एक.

माहिती जाळ्यावर गेली, तर जाळे हाच दरवाजा ठरतो. एस्टोनियाने 2000 मध्येच सार्वजनिक वाचनालयांतून फुकट इंटरनेटची तरतूद कायद्यात केली. फ्रान्सच्या घटना परिषदेने 2009 मध्ये बेकायदा डाउनलोडबद्दल इंटरनेट तोडण्याची शिक्षा एका प्रशासकीय यंत्रणेच्या हाती देणारी तरतूद रद्द केली. फिनलंडने 1 जुलै 2010 पासून किमान एक मेगाबिट वेगाची जोडणी प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवला. याउलट जानेवारी 2011 मध्ये इजिप्तने जवळजवळ सगळा देशच काही दिवस जाळ्यावरून उतरवला. जगात दोन अब्जांहून अधिक लोक अजून ऑफलाइन आहेत, हेही विसरून चालणार नाही. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी निकाल दिला, तेव्हा इंटरनेट हाच मूलभूत हक्क आहे की नाही, यावर मत दिले नाही. पण बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल, असे बजावले. म्हणजे पुन्हा तेच: नकार द्या, पण कागदावर द्या.

नाकारणारा नेहमी सरकारच असतो असेही आता राहिले नाही. युरोपीय न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालानंतर एखाद्या माणसाच्या नावाने शोध घेतल्यावर काय दिसावे आणि काय वगळावे, याचा पहिला निर्णय शोधयंत्र चालवणारी खासगी कंपनी करते. पान जागेवरच असते, वाट तेवढी पुसलेली. त्या माणसाच्या खासगीपणाची बाजू खरीच आहे. पण शोधणाऱ्याला आपल्याला काही नाकारले गेले, हे कळतही नाही.

आणि जे एकदा दिले ते परत घेतले तर? जानेवारी 2025 च्या अखेरीस अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थांच्या संकेतस्थळांवरून कित्येक पाने आणि आकडेवारी एकाएकी उतरवली गेली. डॉक्टरांची एक संघटना न्यायालयात गेली आणि फेब्रुवारीत पाने परत लावण्याचा तात्पुरता आदेश निघाला. काय काय गेले ते दाखवता आले, याचे बरेच श्रेय 1996 पासून वेबच्या नकला साठवत बसलेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या बिगरसरकारी दप्तरांना आहे.

मेक्सिकोने 2002 च्या कायद्यापासून ऑनलाइन अर्जाची अशी घडी बसवली होती, की इतर देश ती बघायला जात. त्या व्यवस्थेचा कणा होता अपिले ऐकणारी स्वायत्त संस्था. घटनादुरुस्ती करून ती 2025 मध्ये बरखास्त झाली. अर्ज भरायचे संकेतस्थळ तिथे अजून उघडते. केंद्र सरकारच्या खात्याने माहिती नाकारली तर अपील मात्र आता सरकारच्याच अखत्यारीतल्या यंत्रणेकडे जाते.