इंडेंटेशन टेस्टने ठिसूळ मटेरियलचा ताठरपणा मोजणे

काच, सिरॅमिक, सिलिकॉन असल्या ठिसूळ मटेरियलचा ताठरपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, टोक दाबून मोजायची ही पद्धत. धातूची पट्टी दोन्हीकडून पकडून ताणता येते, काचेचं तसं करायला गेलं तर ती पकडीतच तडकते, शिवाय सिरॅमिकचा नमुना घासून नेमक्या मापात आणायचा म्हणजे भरपूर वेळ आणि खर्च, म्हणून मग पॉलिश केलेल्या छोट्या तुकड्यावर हिऱ्याचं टोक दाबायचं आणि लोड किती, टोक आत किती गेलं हे सतत रेकॉर्ड करत राहायचं.

गंमत अशी की ताठरपणा कळतो तो टोक उचलताना. दाबताना मटेरियल थोडं कायमचं दबतं, थोडं तात्पुरतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. लोड काढायला लागलो की परत येतं ते मुख्यतः लवचिक. म्हणून अनलोडिंग कर्व्हच्या (लोड काढतानाच्या लोड-खोली आलेखाच्या) सुरुवातीचा उतार आणि टोकाखालचं कॉन्टॅक्टचं क्षेत्रफळ, एवढ्यावरून मॉड्युलस निघतो. ऑलिव्हर (Oliver) आणि फार (Pharr) या संशोधकांनी १९९२ मध्ये ही रीत नीट बसवली. हिरासुद्धा किंचित दबतो (त्याचा मॉड्युलस सुमारे ११४० गिगापास्कल), तेवढा वाटा हिशोबात धरावा लागतो.

खरी डोकेदुखी क्षेत्रफळाची. बर्कोविच टोक तीन बाजूंच्या पिरॅमिडचं, कागदावर त्याचं क्षेत्रफळ कॉन्टॅक्ट खोलीच्या वर्गाच्या २४.५ पट, पण टोक थोडं तरी बोथट असतंच आणि कमी खोलीला कागदावरचं सूत्र वापरलं तर मॉड्युलस फुगून येतो. म्हणून आधी फ्यूज्ड सिलिकावर (शुद्ध सिलिकाची काच) कॅलिब्रेशन करतात, त्याचा मॉड्युलस ७२ गिगापास्कल हे पक्कं माहीत असतं.

लोड जास्त झाला की ठशाच्या कोपऱ्यांतून तडे निघतात, कधी कडेची कपचीच उडते आणि मग तो कर्व्ह टाकून द्यायचा. सिलिकॉनची तऱ्हा आणखी वेगळी, दाबाखाली त्याची रचना बदलते आणि उचलताना कर्व्हमध्ये मध्येच उडी किंवा वाक येतो, त्यामुळे उतार त्याच्या आधीचाच घ्यावा. सच्छिद्र सिरॅमिकमध्ये छोटा ठसा दोन छिद्रांच्या मधल्या भरीव जागेवर पडला तर येणारा आकडा अख्ख्या तुकड्यापेक्षा जास्त असतो.

असं मशीन नसेल तर नूप ठसा आहे, हिऱ्याच्या टोकाने उमटवलेला, लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचा. त्याचे कर्ण ७.११ ला १ या प्रमाणात असतात, टोक काढल्यावर लांब कर्ण जवळपास तसाच राहतो आणि आखूड कर्ण आक्रसतो, किती ते हार्डनेस (ठसा उमटायला होणारा विरोध) आणि मॉड्युलसच्या गुणोत्तरावर ठरतं. मार्शल, नोमा आणि इव्हान्स यांनी १९८२ मध्ये हे सूत्र दिलं. मायक्रोस्कोपखाली आखूड कर्ण वाचताना जराशी चूक झाली तरी उत्तर बरंच हलतं, त्यामुळे अंदाजापुरतं ठीक.