बांध फुटला की कोण धावतं?

मांडवी आणि जुवारीच्या काठांवर जी सपाट भातशेती दिसते, तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. बांध नसता तर दिवसातून दोनदा तिथे खारं पाणी शिरलं असतं. गोव्यात या जमिनींना खाजन म्हणतात. राज्यभर मिळून त्या सुमारे १८,००० हेक्टर भरतात. चिखल, पेंढा, जांभा दगड आणि कडेने वाढलेली खारफुटी एवढ्याच सामानावर त्या शेकडो वर्षं टिकून आहेत.

बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते. मानस म्हणजे पाण्याचं दार. दगडी चौकटीत लाकडी झडपा बसवलेल्या असतात आणि त्या मिटायला-उघडायला माणूस लागत नाही. भरती चढू लागली की नदीकडचा दाब झडपा लावून टाकतो. ओहोटी लागली की आत साचलेलं पाणी त्याच झडपा ढकलून बाहेर पडतं. रात्री ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, सापडतात. हे यंत्र इतकं साधं आणि अचूक आहे की पाहत बसावंसं वाटतं. बांधाचं मात्र तसं नाही. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, त्यात बिळं करतात. बीळ वेळीच बुजवलं नाही तर पाणी तिथून झिरपत राहतं, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या उधाणाला त्याच जागी भगदाड पडतं. खारं पाणी शेतात बसलं की मातीतलं मीठ पावसाने धुऊन निघायला काही हंगाम जावे लागतात. बांध फुटतो एकाच्या शेताजवळ, पीक जातं साऱ्या शेतकऱ्यांचं. कुठल्याही एका घराला तो एकट्याने राखता येत नाही आणि कुठल्याही एका घराला तो विसरून चालत नाही.

माणसांचा घोळका समुदाय कधी होतो, हा प्रश्न समजून घ्यायला मला या बांधाइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही. एका गावात, एका कॉलनीत, म्हापसा-पणजी बसमध्ये माणसं एकत्र असतातच. त्यांतल्या काहींबद्दल आपण बिनदिक्कत 'आमची माणसं' म्हणतो, बाकीच्यांबद्दल म्हणत नाही. हा फरक येतो कुठून?

पहिलं उत्तर सामाजिक मानसशास्त्राचं, आणि ते जरा अस्वस्थ करणारं आहे. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता. सुटून आला तेव्हा घरचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. माणसं परक्यांशी इतकी क्रूर कशी होतात, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर धरून ठेवला. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या शाळकरी मुलांवर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९७०-७१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना दोन चित्रकारांची, क्ले आणि कांडिन्स्की यांची, चित्रं दाखवली आणि आवडीनुसार तुमचे दोन गट केले आहेत असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं, आपापसात बोलणं नव्हतं, स्वतःचा फायदाही नव्हता. तरी दुसऱ्यांना पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. काहींनी तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा हिशेब केला.

'आपण' आणि 'ते' तयार व्हायला एवढं क्षुल्लक निमित्त पुरतं. दिवाडी बेटावर ऑगस्टमध्ये बोंदेरा साजरा होतो, तेव्हा रंगीबेरंगी बावटे घेऊन मिरवणूक निघते. वाड्यांच्या हद्दीवरून लोक हाणामारीला येत, म्हणून पोर्तुगीज राजवटीत सीमेवर बावटे रोवले गेले आणि लोकांनी ते पाडले, ही त्यामागची आठवण. आज त्याचा उत्सव झाला आहे, याचा मला आनंद वाटतो. पण हद्द आखून मिळणारी आपुलकी स्वस्त असते. ती लगेच येते आणि भांडणापुरती टिकते. ताजफेलच्या मुलांपैकी कुणीही आपल्या गटासाठी बांध घालायला गेलं असतं, असं मानायला काहीच आधार नाही.

आकड्याचं उत्तरही बरंच लोकप्रिय आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माकडवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपांचा आकार यांची सांगड घालून माणसासाठी सुमारे १५० ही संख्या काढली. एवढ्याच माणसांशी आपण खरी ओळख राखू शकतो, असं त्याचं म्हणणं. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेच गणित नव्याने केलं तेव्हा उत्तराची व्याप्ती ४ पासून ५२० पर्यंत पसरली. इतक्या सैल मापाने गाव मोजण्यात अर्थ नाही. माणसं किती आहेत यापेक्षा ती एकमेकांबरोबर काय करतात, ते पाहावं.

पौषातल्या चांदण्या रात्री गावच्या मांडावर, म्हणजे सणासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, धालो होतात. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात आणि गाणं म्हणत पुढे येतात, वाकतात, मागे जातात. एक रांग म्हणते, दुसरी उचलते. कुणी शिकवायला नसतं. नवी सून रांगेत मधोमध उभी केली जाते आणि दोन्हीकडच्या बायकांच्या अंगाच्या हालचालीनेच तिची पावलं ठेक्यात येतात. जवळून पाहिलं तर कळतं की ती पाय बघत नाही, ओढीने जाते. ती कुठून आली, तिच्या माहेरी काय चालतं, हे प्रश्न त्या वेळेपुरते मागे पडतात.

यात शरीराचा मोठा वाटा आहे, हे आता प्रयोगांनी दाखवलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ मध्ये काही विद्यार्थ्यांना पावलाला पाऊल जुळवून चालवलं आणि काहींना नुसतंच चालवलं. नंतरच्या खेळात पावलं जुळवून चाललेल्यांनी एकमेकांना जास्त साथ दिली. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर असाच एक प्रयोग झाला. तेवढीच मेहनत एकट्याने केली तेव्हापेक्षा सगळ्यांनी मिळून केली तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढलेली आढळली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं याच्या मुळाशी असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. एकत्र हालण्याने जी ऊब वाटते, ती अशी रक्तात उतरलेली असते.

आणखी एक प्रयोग तर डिचोलीच्या माणसाला घरचाच वाटेल. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात जून महिन्यात लोक निखाऱ्यांवरून चालतात. दिमित्रिस झिगालातास आणि इव्हाना कोन्वालिन्का यांच्या चमूने तिथे चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं बांधली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार आणि काठावर उभ्या असलेल्या त्याच्या नातलगांच्या, मित्रांच्या ठोक्यांचा चढउतार एकसारखा निघाला. तमाशा बघायला आलेल्या परक्यांच्या हृदयात तसं काही घडलं नाही. आग तीच, अंतर तेच.

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रत घेतलेले भक्त, होमकुंडातून जातात. त्याआधी काही दिवस ते व्रतस्थ असतात: सोवळ्यात एकत्र राहायचं, सात्त्विक जेवायचं, नेम मोडायचा नाही. हे कष्ट उगाच नाहीत. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९ व्या शतकातल्या अमेरिकेत स्थापन झालेल्या ८३ सामूहिक वसाहतींचा अभ्यास केला. धार्मिक वसाहतींपैकी ज्यांनी सभासदांवर जास्त कडक नेम घातले होते, त्या जास्त वर्षं टिकल्या. नुसतं तोंडाने 'मी तुमचा' म्हणणं कुणालाही जमतं. पाच-सहा दिवस पथ्य पाळणाऱ्यावर शेजारी विश्वास टाकू शकतो. मात्र सोसिसला निधर्मी वसाहतींमध्ये तसा परिणाम दिसला नाही. नेमाला काहीतरी पवित्र अर्थ जोडलेला असावा लागतो, असं त्याचं अनुमान.

एवढं असूनही होमकुंड वर्षातून एकदा पेटतं आणि कुर्ल्या बांध रोज पोखरतात. रोजच्या कामाचं काय?

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने असं मांडलं की सामाईक कुरण शेवटी उजाडच होणार, कारण प्रत्येक जण आपली एक गाय वाढवत जाणार. उपाय दोनच: सरकारने ताबा घ्यावा किंवा खाजगी वाटणी करावी. कितीतरी देशांची धोरणं या एका लेखाच्या आधाराने आखली गेली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरची जुनी सामाईक व्यवस्था प्रत्यक्ष तपासली आणि हार्डिनचं भाकीत अनेक ठिकाणी साफ खोटं ठरलेलं दाखवून दिलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. तिथे १५१७ पासून नियम आहे की हिवाळाभर जितक्या गायी आपल्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या.

जवळपास त्याच सुमारास, १५२६ मध्ये, आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या, म्हणजे गावांतल्या मूळ घराण्यांच्या, रूढी सनदेत नोंदवल्या. नोंदवल्या, घडवल्या नाहीत. गावकरी व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीची. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. जमीन गावाची, शेतं पावणी, म्हणजे लिलाव, करून लागवडीला द्यायची, येणाऱ्या पैशातून देऊळ, बांध, वाटा यांचा खर्च भागवायचा आणि उरलेल्यातून गावकऱ्यांना जोण, म्हणजे नफ्यातला वाटा, द्यायचा. ऑस्ट्रॉम यांनी टिकाऊ व्यवस्थांची जी लक्षणं सांगितली, त्यांतली कितीतरी इथे आयती सापडतात: हद्द स्पष्ट, लाभ आणि भार एकमेकांना बांधलेले, देखरेख गावाचीच.

दंडाचंही तसंच. झुरिकमध्ये एर्न्स्ट फेअर आणि सायमन गेख्टर यांनी विद्यार्थ्यांना सामाईक निधीत पैसे टाकण्याचा खेळ खेळायला लावला. २००२ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. कुणी अंग चोरलं तर काहीच करता येत नव्हतं तेव्हा निधी फेरीगणिक आटत गेला. स्वतःचे पैसे खर्चून अंगचोराला दंड करायची मुभा मिळताच योगदान वाढलं. विद्यार्थ्यांनी ती मुभा खरोखर वापरली, पुन्हा कधी भेट होणार नसलेल्या माणसांवरही. दखल घेतली जाते हे कळलं की माणूस कामाला येतो. आजही गावात कुणी कामाला आला नाही तर दुसऱ्या दिवशी तिंठ्यावर विचारणा होतेच, आणि ती विचारणा मला आपुलकीचंच एक रूप वाटते.

पण या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. जोण मिळायचा तो गावकरी घराण्यांतल्या पुरुषांना. त्यांच्या बायका-मुलींना नाही, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून बांध घालणाऱ्या मजुरांना तर नाहीच. ज्यांच्या हातांनी बांध उभा राहिला, ते हद्दीच्या बाहेर होते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे न्यायाचंच झालं, यात मला शंका नाही. मात्र त्याबरोबर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि अनेक ठिकाणी लाभ आणि भार यांची जुनी गाठ सुटली. मानशीतल्या मासळीची पावणी घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं असतं, भात पेरणाऱ्याला ते बाहेर हवं असतं. दोघांचा हिशेब वेगळा झाला की झडपांची डागडुजी लांबणीवर पडते. शेतं पड राहतात आणि खारफुटी आतपर्यंत पसरते.

मग जमिनीचं नातं नसलेल्यांचं काय? वास्को हे बंदराचं शहर, तिथे माणसं चहूकडून आलेली. श्रावणात तिथे दामोदराचा भजनी सप्ताह होतो, चोवीस तास, खंड न पडता. भजन चालू ठेवायचं तर भर दुपारी आणि उत्तररात्री कुणीतरी टाळ-मृदंग घेऊन बसलेलं असावंच लागतं. म्हणून वेगवेगळ्या मंडळांच्या पाळ्या लागतात. पुढचं मंडळ आलं नाही तर आधीच्याला उठता येत नाही. बांधाची जागा इथे एका अखंड भजनाने घेतली आहे.

माणसं अशी एकमेकांना बांधलेली असण्याचा जीवन-मरणाशी संबंध असतो, हे शिकागोने दाखवलं. १९९५ च्या जुलैमध्ये तिथे उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी दोन शेजारच्या गरीब वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४०, लागूनच असलेल्या साउथ लॉनडेलमध्ये ४. दुसऱ्या वस्तीत दुकानं चालू होती, रस्त्यांवर वर्दळ होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि दिसली नाहीत तर लक्षात येत होतं. पहिलीत उद्योग बंद पडले होते, घरं ओस पडली होती, भीतीने माणसं दारं लावून आत बसली होती.

गोव्यातल्या कितीतरी वाड्यांवर आज निम्मी घरं बंद असतात. मुलं परदेशी, जहाजावर किंवा पणजीला. शेतात उतरणारे हात पुष्कळदा कर्नाटकातून, झारखंडातून, ओडिशातून आलेले असतात. ते इथेच राहतात, त्यांची मुलं इथल्या शाळेत मराठी शिकतात आणि बांध फुटला तर खांद्यावर चिखल वाहायला पहिले तेच उभे असतात. बांधाच्या बैठकीत मात्र ते नसतात. नियमांचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांना नियम ठरवताना बोलता आलं पाहिजे, हे ऑस्ट्रॉम यांच्या यादीतलं एक लक्षण आहे. गावकरी व्यवस्थेने ते कधीच पाळलं नव्हतं. कुळांच्या संघटनांना ते पाळता येईल, आणि त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीचं बोलावणं या मजुरांच्या खोल्यांवरही धाडलं तरी सुरुवात होईल.