काळोखी रात्र

ख्रिस्ती गूढवादात आत्म्याच्या शुद्धीकरणाच्या एका खडतर अवस्थेला 'आत्म्याची काळोखी रात्र' म्हणतात. प्रार्थनेतली गोडी आटते, देव पाठ फिरवून गेला असे वाटू लागते. हा कोरडेपणा देवाचा कोप नसून त्याचेच काम आहे, अशी यामागची धारणा. तिची मांडणी केली स्पेनमधील कार्मेल या संन्यासी संघाचे पुरोहित व कवी क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी.

त्याच संघाच्या जोगीण आविलाच्या संत तेरेसा यांच्यासह योहान आपल्या संघाला जुन्या कडक नियमांकडे परत नेऊ पाहत होते. हे न रुचलेल्या संघबंधूंनीच डिसेंबर १५७७ मध्ये त्यांना आविलातून पकडून नेले आणि तोलेदोच्या मठात कोंडले. कोठडी जेमतेम सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब. उजेड भिंतीतल्या उंचावरच्या फटीतून येई तेवढाच. भोजनगृहात सर्वांसमक्ष पाठीवर फटके बसत. तिथेच ते कविता रचू लागले. नंतर नेमणुकीवर आलेल्या दयाळू पहारेकऱ्याने कागद आणि शाई दिली. ऑगस्ट १५७८ मध्ये एका रात्री अंथरूण-पांघरुणाच्या फाडलेल्या पट्ट्यांचा दोर करून ते खाली उतरले आणि निसटले. 'काळोखी रात्र' ही आठ कडव्यांची कविता सुटकेनंतर लवकरच लिहिली गेली असे मानतात.

एवढे सोसूनही कवितेत रडगाणे मुळीच नाही. घर निजलेले असताना प्रेयसी, म्हणजे आत्मा, वेश पालटून गुप्त शिडीने बाहेर पडते. वाट दाखवायला हृदयात पेटलेल्या ज्योतीखेरीज दिवा नाही, आणि प्रियकराशी, म्हणजे देवाशी, गाठ घालून देणारी ती रात्र तिला पहाटेहून प्यारी वाटते. ज्ञानदेवांच्या विरहिण्या ऐकलेल्या मराठी वाचकाला हे रूपक परके वाटू नये.

कवितेवरच्या गद्य भाष्यात योहान दोन रात्री सांगतात : आधी इंद्रियांची, मग त्याहून भीषण अशी आत्म्याची. ओले लाकूड आगीत घातले की आधी पाणी सोडते, काळे पडते, धुरकटते आणि शेवटी स्वतःच आग होते, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. बायबलमधल्या ईयोब, योना यांचे आक्रोशही ते दाखल्याला घेतात. आज कोणत्याही नैराश्याला 'काळोखी रात्र' हे नाव सर्रास दिले जाते. ते बरोबर नाही. योहान यांनी खिन्नतेचा विकार वेगळा धरला होता आणि खरी रात्र ओळखण्याच्या तीन खुणा दिल्या होत्या : देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही तसा जगातही वाटत नाही, आपण देवापासून ढळतो आहोत ही टोचणी सुटत नाही, आणि पूर्वीसारखे चिंतन जमत नाही. भाष्य मात्र तिसऱ्या कडव्याच्या आरंभीच थांबते. मीलनाची कडवी उलगडायची राहिली ती राहिलीच.

फ्रान्समधील कार्मेल संघाच्या जोगीण लिझ्यच्या संत तेरेझ यांना मृत्यूपूर्वीचे सुमारे दीड वर्ष (१८९६–९७) असाच अंधार सोसावा लागला. कोलकात्याच्या मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे अधिक धक्कादायक ठरली. योहान यांच्या मांडणीत रात्रीनंतर पहाट आहे. मदरच्या पत्रांतला काळोख मात्र जवळपास पन्नास वर्षे रेंगाळलेला दिसतो, आणि त्या सगळ्या काळात त्यांचे काम चालूच होते.