सीईसी कॉलमची प्लेट-संख्या: आमच्या चाचणीत आणि तुमच्या यंत्रावर

आमच्या प्रत्येक पॅक्ड कॅपिलरीसोबत (बारीक कण भरलेल्या अरुंद नळीसोबत, हाच कॉलम) चाचणीचा क्रोमॅटोग्राम येतो. तसा निकाल तुमच्याकडे मिळत नसेल, तर कॉलम परत पाठवण्याआधी हे वाचून घ्या. पुष्कळदा पॅकिंग शाबूत असते, प्लेट (पीक किती अरुंद येते, म्हणजे कॉलम किती कार्यक्षम आहे, याचे माप) भलतीकडेच जातात.

कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफीत (सीईसी) द्रावण पंपाने ढकलत नाहीत. १५ ते ३० किलोव्होल्ट लावले की सिलिकाच्या ऋणभारित पृष्ठभागाजवळचे धन आयन सगळ्या द्रावणाला ओढत नेतात. पंपाचा प्रवाह कणांमधल्या रुंद फटीतून धावतो, अरुंद फटीत रेंगाळतो. व्होल्टेजने ओढलेल्या, म्हणजे विद्युत-परासरणाच्या प्रवाहाला फटीच्या रुंदीने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे पीक कमी पसरते. ३ मायक्रोमीटर कणांच्या चांगल्या कॉलमवर मीटरमागे २ लाखांच्या आसपास प्लेट मिळतात त्या यामुळेच.

आता हिशेब पाहा. २५ सेंटीमीटर भरलेल्या कॉलमवर पीक ८ मिनिटांनी आले आणि अर्ध्या उंचीवर ते ५ सेकंद रुंद असेल, तर ५.५४ × (४८०/५)² म्हणजे सुमारे ५१,००० प्लेट. रुंदी ७ सेकंद झाली की उरतात २६,०००. दोन सेकंदांत निम्म्या प्लेट गेल्या! म्हणून नमुना कॉलमवर चढवतानाची छोटी चूकही महागात पडते. नमुना मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) किंवा त्याहून थोड्या कमी अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये नको. ५ किलोव्होल्टवर ३ ते ५ सेकंद इंजेक्शन सहसा पुरते. डिटेक्टरचा रिस्पॉन्स टाइमही तपासा. एक-दोन सेकंदांवर ठेवलेला असेल तर कॉलम कितीही चांगला असो, पीक बसकेच दिसणार.

खरा शत्रू मात्र बुडबुडा. भरलेला भाग संपून मोकळी कॅपिलरी सुरू होते तिथे, फ्रिटपाशी (कण अडवून धरणाऱ्या सच्छिद्र बुचापाशी), तो धरतो. आधी करंट थरथरतो, मग शून्यावर येतो. मोबाइल फेज नीट डीगॅस करा आणि दोन्ही व्हायलवर नायट्रोजनचा ८ ते १० बार दाब ठेवा. दोन्हीकडे सारखा हवा, एकाच बाजूला दिला तर पंपासारखा प्रवाह सुरू होतो. बफर कमी वाहकतेचा घ्या, उदाहरणार्थ विरल ट्रिस. फॉस्फेटने करंट वाढतो, कॅपिलरी तापते. पीएच फार खाली नेलात तर सिलॅनॉलवरचा (सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या गटांवरचा) ऋणभार घटतो आणि प्रवाहच मंदावतो.

करंट गेलाच तर व्होल्टेज ताबडतोब बंद करा. एचपीएलसीच्या (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीच्या) पंपाने तीच मोबाइल फेज सावकाश सोडा आणि ५ किलोव्होल्टपासून टप्प्याटप्प्याने वर जा. कॅसेट बसवताना डिटेक्शन विंडोपाशी कॅपिलरी वाकवू नका, तिथे वरचे पॉलिइमाइडचे संरक्षक आवरण काढलेले असल्याने ती पटकन मोडते.

एवढे करूनही प्लेट कमीच येत असतील तर कॉलम खुशाल पाठवा. टोके कोरडी पडू देऊ नका, आणि क्रोमॅटोग्रामबरोबर करंटचा आलेखही जोडा. आम्ही आधी तोच पाहतो.