आंबा घाटाची किंमत तीन युनिट

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ संध्याकाळी घरी आला आणि चहाचीही वाट न बघता मोबाइल काढून बसला. सहा महिन्यांपूर्वी त्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून शिरोली एमआयडीसी आणि रविवारी फार तर जोतिबा, एवढ्यातच ती फिरली होती. आता मावशीला गणपतीपुळ्याला न्यायचं होतं. "दादा, येताना आंबा घाट चढंल न्हवं गाडी? पोरं म्हणत्यात, घाटातच निम्मी बॅटरी जाती." लगेच त्यानं एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस छातीठोकपणे सांगत होता, की घाट उतरताना बॅटरी आपोआप भरते, म्हणून डोंगरी भागात इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगची चिंताच नाही.

भीती चुकीची होती आणि भरवसाही चुकीचा होता. किती चुकीचा, हे नववीच्या पुस्तकातल्या एका सूत्रानं मोजता येतं. टेबलावर लाइट बिल पडलं होतं. त्यातलं 'युनिट' हेच माप आम्ही घेतलं.

हजार वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तर एक युनिट वीज जाते. ज्यूलमध्ये सांगायचं तर ३६ लाख ज्यूल. भावाच्या गाडीची बॅटरी ४० युनिटांची आहे. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १८०० किलो, म्हणजे १.८ टन. आता स्थितिज ऊर्जेचं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. एक टन वजन १०० मीटर उचलायला १००० × ९.८ × १०० म्हणजे ९ लाख ८० हजार ज्यूल लागतात. ३६ लाखांनी भागलं की पाव युनिटाच्या किंचित वर, ०.२७. हे एवढं पाठ करून ठेवा: टनाला, शंभर मीटरला, पाव युनिट. सह्याद्रीतला कुठलाही घाट या मापानं तोंडी मोजता येतो.

समुद्रकिनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ हिशेबाला ६०० मीटर धरला. १.८ टन, सहा शंभर मीटर, म्हणजे २.९ युनिट. मोटर आणि तिच्यामागच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात ३.३ युनिट निघतात. हीच गाडी कोकणाच्या वळणावळणाच्या रस्त्यानं, एसी लावून, शंभर किलोमीटरला साधारण साडेबारा युनिट खाते. म्हणजे अख्ख्या सह्याद्रीचा चढ पंचवीस-सव्वीस किलोमीटर सपाट रस्त्याच्या भावात पडला. जवळपास कोल्हापूर ते इचलकरंजी.

मग घाटात बॅटरी झपाट्यानं पळते असं का वाटतं? कारण स्क्रीन दाखवते ती त्या क्षणाची शक्ती. ताशी ४० च्या वेगानं सपाट रस्त्यावर या गाडीच्या चाकांना अडीच किलोवॉटच्या आसपास लागतात. ५ टक्क्यांच्या, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तेच साडेबारा होतात. पाचपट आकडा बघून पोटात गोळा येतो. पण तो चढ दहा-बारा मिनिटांत संपतो, आणि बॅटरीतून जाते ती शक्ती गुणिले वेळ.

आता उतार, जो मला सगळ्यात प्रिय आहे. कोल्हापूरकरांचं नशीब असं की कोकणात जाताना आधी उतार मिळतो. सह्याद्रीच्या याच कड्याचा फायदा घेऊन आपलं राज्य वीज करतं. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या बाजूला खाली सोडतात आणि त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. घाट उतरणारी तुमची गाडी तत्त्वतः तेच करते. पाण्याऐवजी १.८ टन लोखंड, माणसं आणि आंब्याच्या पेट्या खाली येतात, टर्बाइनच्या जागी चाकं फिरतात.

चाकाला जोडलेली मोटर वीज कशी करते? फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत विद्युतदाब तयार होतो. गाडीच्या मोटरमध्ये मधला फिरता भाग, रोटर, हा चुंबक आहे आणि भोवतीच्या स्थिर भागात तांब्याची वेटोळी आहेत. वेटोळ्यांत वीज सोडली की त्यांचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं आणि रोटरला आपल्यामागे ओढत नेतं. बैलगाडी डोळ्यासमोर आणा. चढाला बैल पुढे जोर लावतात आणि गाडी मागून ओढली जाते. उताराला उलटं होतं. गाडी बैलांवर येते, जू मानेवर पुढे रेटलं जातं आणि बैल मागे रेलून तिला आवरतात. मोटरमध्ये ते फिरतं क्षेत्र म्हणजे बैल आणि रोटर म्हणजे गाडी. क्षेत्र रोटरच्या थोडं पुढे ठेवलं तर गाडी ओढली जाते. थोडं मागे ठेवलं तर गाडी आवरली जाते, आणि आवरताना जे काम होतं ते वीज होऊन बाहेर पडतं. यंत्र तेच, फक्त कोणी कोणाला रेटायचं ते बदललं.

इथं एक अडचण आहे आणि तिची उकल मला फार सुंदर वाटते. समजा घाटातल्या वेगाला मोटरमध्ये तयार होणारा दाब १२० व्होल्ट आहे आणि बॅटरी ३२० व्होल्टची आहे. खालच्या टाकीतलं पाणी आपोआप वरच्या टाकीत चढत नाही. मग १२० व्होल्टची वीज ३२० व्होल्टच्या बॅटरीत शिरते कशी?

तुमच्या घरी नळाची तोटी कधी झटकन बंद केली असेल तर भिंतीतला पाइप धाडकन वाजलेला ऐकला असेल. पाइपमधून वाहणाऱ्या पाण्याला गती असते. त्याला अचानक अडवलं की ते थांबायला तयार नसतं आणि क्षणभर त्याचा दाब टाकीच्या दाबापेक्षा कितीतरी वर जातो. तांब्याच्या वेटोळ्यात वाहणारी वीज तशीच वागते. या गुणाला स्वयंप्रवर्तन म्हणतात: वेटोळं आपल्यातला प्रवाह अचानक बदलू देत नाही.

मोटर आणि बॅटरीच्या मध्ये बसलेल्या इन्व्हर्टरमध्ये सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, तीन फेजना, म्हणजे वेटोळ्यांच्या तीन गटांना, प्रत्येकी एक वरचा आणि एक खालचा. उतारावर काही क्षण खालचे स्विच चालू करून परिपथ जोडला जातो. वेटोळ्यांची टोकं आपापसात जुळतात, फिरत्या चुंबकामुळे त्यांत प्रवाह वाढू लागतो. तोटी उघडी, पाणी वेग घेतंय. मग ते स्विच बंद करून परिपथ तोडला जातो. प्रवाहाचा रस्ता तुटला, पण वेटोळं प्रवाह थांबू देत नाही, म्हणून त्याचा दाब उसळतो, ३२० व्होल्टच्या वर जातो, आणि प्रवाह वरच्या बाजूनं बॅटरीत घुसतो. उंच टाकीत पाण्याचा एक घोट चढला. पुन्हा जोडणी, पुन्हा तोडणी. सेकंदाला साधारण दहा हजार वेळा. प्रत्यक्षात तिन्ही फेजचे स्विच एकमेकांशी ताळमेळ ठेवून उघडझाप करतात. रोटर कुठल्या कोनात आहे हे एक संवेदक सतत सांगत असतो आणि क्षेत्र त्याच्यामागे नेमक्या किती अंशांवर ठेवायचं हे त्यावरून ठरतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलल्यावर गाडी अलगद आवरल्यासारखी वाटते, त्यामागे हा सारा खटाटोप चालू असतो. मुंबईच्या नव्या लोकलही ब्रेक लावताना अशीच वीज वरच्या तारेत परत देतात.

किती परत मिळते? समजा ५ टक्क्यांचा सलग ८ किलोमीटर उतार आहे, म्हणजे ४०० मीटर खाली. पाव युनिटाच्या मापानं जवळपास २ युनिट ऊर्जा मोकळी झाली. त्यातलं अर्धं युनिट टायरांचं रस्त्याशी घर्षण आणि हवेचा अडथळा यांत गेलं. उरलेल्या दीड युनिटापैकी मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतली गळती वजा जाता सव्वा युनिटाच्या आत-बाहेर परत आलं. ४० युनिटांच्या बॅटरीचे तीन टक्के. पेट्रोलच्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये आणि इंजिनात उष्णता होऊन संपते. २ युनिटांत वीस लिटरपेक्षा जास्त पाणी उकळतं, यावरून घाटाखाली ब्रेकचा जळका वास का येतो ते समजेल.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. या गाडीसाठी दीड टक्क्याहून सौम्य उतारावर परत काहीच मिळत नाही, कारण सगळा उतार घर्षण भागवण्यात खर्च होतो. पण तो वाया जात नाही. तिथं गुरुत्व बॅटरीऐवजी थेट गाडी ढकलतं, मध्ये कुठलीही गळती न होता. म्हणून घाटात उगाच वेग वाढवून ब्रेक मारण्यापेक्षा संथ, एकसारखं उतरणं केव्हाही फायद्याचं.

आता त्या व्हिडिओकडे. चढताना जेवढी ऊर्जा खर्च झाली त्यातला फक्त काही भाग उतरताना परत मिळतो, त्यामुळे चढ-उताराच्या फेरीत बॅटरी कधीच भरून निघत नाही. याचंच भावंड म्हणजे चाकाला डायनॅमो बसवून 'चालता चालता चार्ज होणारी' गाडी. डायनॅमो वीज देतो तेव्हा चाकाला आवरतो, आणि ते आवरणं भरून काढायला मोटरला जास्त वीज लागते. चढावर बैल ओढतायत आणि मागून दुसरी जोडी गाडी मागे खेचतेय, अशी ती रचना आहे. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला अपवाद सापडलेला नाही. अशा जोडण्यांवर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तसंच, प्रवासाआधी लिंबू-मिरची बदलण्याची आठवण ठेवणाऱ्यांनी टायरची हवा तपासण्याचीही ठेवावी. घाटरस्त्याच्या वेगाला एकूण अडथळ्यापैकी निम्म्याहून जास्त वाटा टायरांचा असतो आणि हवा कमी असली की तो वाढतो.

एक इशारा घाटमाथ्यावर मुक्काम करणाऱ्यांना. आंबोली किंवा पन्हाळ्याला रात्रभर गाडी शंभर टक्के चार्ज केली आणि सकाळी उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. लिथियमचे आयन जिथं जाऊन बसायचे त्या जागा भरलेल्या असतात, म्हणून गाडी ती वीज घेणं नाकारते. रोज पाय उचलला की आवरणारी गाडी त्या दिवशी मोकळी सुटल्यासारखी वाटते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. माथ्यावर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. कोल्हापुरातून निघताना मात्र शंभर टक्के चालतं, घाटापर्यंतच्या रस्त्यात जागा होते.

खरी भीती बाळगायची ती हायवेची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माझ्या हिशेबानं ही गाडी ताशी ८० नं एसीसह शंभर किलोमीटरला १४ युनिट घेते, ११० नं २०. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर. ८० नं ३२ युनिट, पुण्यात पोचल्यावर ८ शिल्लक. ११० नं ४६ युनिट लागतील आणि बॅटरी ४० चीच आहे. वेगानं वाचणारी पाऊण तासाची वेळ वाटेतल्या चार्जिंगला जाईल. या तीस किलोमीटरच्या वेगवाढीत दोन-चार आंबा घाट मावतात.

गणपतीपुळ्याचा कागद असा झाला: एकेरी १४५ किलोमीटर, त्याचे १८ युनिट. जाताना उताराचे अडीच वजा, साडेपंधरा. येताना चढाचे साडेतीन अधिक, साडेएकवीस. बेरीज ३७. वाटेत न थांबता जाऊन-येऊन होईल, पण हाताशी काही उरणार नाही. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर चार्जिंग हवंच. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला ३.३ युनिट भरतात, म्हणजे झोपेत काम होतं.

शनिवारी पहाटे ते निघाले. घाटमाथ्यावरच्या आंबा गावात बॅटरी ७८ टक्के, घाट उतरल्यावर ८१, गणपतीपुळ्याला ६१. संध्याकाळी फोन आला, की खोलीतल्या प्लगवर चार्जर लाल दिवा दाखवतोय. त्या प्लगला अर्थिंग नव्हतं. चांगला चार्जर अर्थिंग तपासतो आणि नसेल तर सुरूच होत नाही. तो चालू करायला एक्स्टेन्शन बोर्डाची जोडाजोड करायची नाही, हे मी त्याला बजावलं. शेवटी लॉजच्या मालकांनी विहिरीच्या पंपाजवळचा प्लग दाखवला, तिथं अर्थिंग नीट होतं. रविवारी रात्री नऊ वाजता गाडी शाहूपुरीत आली तेव्हा स्क्रीनवर ४५ होते. आम्ही कागदावर ४६ लिहिले होते. मावशीनं मागच्या सीटवर फणस आणला होता, त्याचं वजन हिशेबात धरलेलं नव्हतं.